ग्रुप पॉलिसीचा शेवटचा महिना

फोन स्पीकरवर होता. पलीकडून विमा कंपनीच्या डॉक्टरबाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि सुमनताई सोफ्याच्या कडेला बसून उत्तरं देत होत्या. बीपी? नाही. शुगर? नाही. कधी ऑपरेशन झालंय? "वर्षाच्या येळंला पोट फाडलं हुतं," सुमनताई म्हणाल्या. वर्षा म्हणजे त्यांची मुलगी. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढे गेल्या.

"गेल्या वर्षभरात रक्त, एक्स-रे, हृदयाची वगैरे काही तपासणी केलीय का?"

सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग टीपॉयवरच्या फोनकडे पाहिलं.

"व्हय. टूडी इको केलाय."

शांतारामभाऊ खुर्चीत मागे रेलून बसले होते, ते सरळ झाले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"झडप आकसलीय म्हनले. काळजाची. जिना चढताना धाप लागती, ती त्याच्यानंच. ऑपरेशनसाठी मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हनले."

"मग दाखवलंत?"

"न्हाई."

शांतारामभाऊंनी मला खूण केली, फोन बंद करा. मी मान हलवून नाही म्हटलं. हे फोन रेकॉर्ड होतात. त्यात एजंटनं मध्ये बोलायचं नसतं, आणि बोलून उपयोगही नसतो. डॉक्टरबाईंनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला.

मी विमा सल्लागार आहे. कासारवाडी स्टेशनजवळ माझं छोटं ऑफिस आहे. माझे बरेचसे ग्राहक चाकण आणि भोसरीच्या कंपन्यांमधले. निवृत्ती जवळ आली की हे लोक माझ्याकडे येतात, कारण तोवर त्यांना आरोग्य विम्याचा विचारच करावा लागलेला नसतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी असते. एकाच पॉलिसीत सगळे कामगार आणि त्यांची कुटुंबं. कार्ड दाखवलं की काम होतं. पण ही पॉलिसी नोकरीला चिकटलेली असते. नोकरी संपली की कार्डही संपतं, आणि ते नेमकं साठीच्या आसपास, जेव्हा दवाखाना सुरू होतो.

शांताराम बोऱ्हाडे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या विभागात, सुपरवायझर होते. मोशीचं जुनं शेतकरी घर. त्या महिन्याच्या अखेरीला ते रिटायर होणार होते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या वर्षानं त्यांना सांगितलं होतं, "बाबा, सुपर टॉप-अप घ्या, स्वस्त पडतं." ते तेवढाच शब्द घेऊन माझ्याकडे आले होते.

पहिल्याच भेटीत मी त्यांना समजावलं होतं. टॉप-अप ही वरची पॉलिसी असते. हॉस्पिटलच्या बिलाचा पहिला ठरलेला भाग ती देत नाही. तो तुम्ही तरी भरायचा, नाहीतर तुमची मूळ पॉलिसी भरते. त्याच्या वरचं टॉप-अप बघतं. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचं बिल वेगळं मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली सगळी बिलं एकत्र धरतात. म्हाताऱ्या माणसाला दवाखाना एकदाच लागेल असं नसतं, म्हणून सुपर बरं.

"म्हंजे हा वरचा मजला झाला," शांतारामभाऊ म्हणाले होते.

"हो. पण खालचा मजला पाहिजे ना."

खालच्या मजल्यासाठी एक वाट होती. ज्या विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, तिच्याकडेच रिटायर होण्याआधी अर्ज करायचा आणि स्वतःची घरगुती पॉलिसी मागायची. ती मिळाली, तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं हिशेबात धरतात. नाहीतर नवीन पॉलिसीत जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागतं. त्याला वेटिंग पीरियड म्हणतात. मी दोन्ही अर्ज तयार केले. घरात कुणाला काही आजार आहे का, असं विचारल्यावर शांतारामभाऊ म्हणाले, "मला शुगर हाय, गोळी चालू हाय. हिला काय न्हाई. ठणठणीत हाय." सुमनताई तेव्हा आत चहा करत होत्या.

आणि आता हा फोन.

शांतारामभाऊ उठून गॅलरीत गेले, परत आले, परत गेले. मग दारातूनच बायकोला म्हणाले, "कवा केला हा इको?"

"दिवाळीच्या आधी. जाऊबाईंसंगं गेले हुते. पिंपरीला, महापालिकेच्या दवाखान्यात."

"आन् मला सांगावंसं वाटलं न्हाई?"

"तुमची नोकरी सुखानं संपू द्यायची हुती."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, डॉक्टरीणबाईला परत फोन लावता यील का? चुकून बोलली म्हणावं. शेजारणीचं सांगत हुती."

"नाही."

"का न्हाई?"

"एक तर ते खोटं आहे. दुसरं, आत्ता लपवलं आणि उद्या ऑपरेशनचं बिल लावलं, तर विमा कंपनी जुने कागद काढते. इको झालेला दिसला की क्लेम नाकारते, पॉलिसीही रद्द करू शकते. म्हणजे वर्षानुवर्षं हप्ते भरून ऐन वेळी हात रिकामे."

मी सुमनताईंना विचारलं, "धाप कधी लागते?"

"वर कपडे वाळत घालाया गेले की. मंग बसते वाईच. कधी डोळ्यापुढं अंधारी येती."

मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण क्लेमचे कागद इतकी वर्षं वाचलेत की झडप, धाप आणि अंधारी हे तीन शब्द एकत्र आले की पुढचं पान काय असतं ते माहीत झालंय. मी पर्समधून छोटं पॉकेट कॅलेंडर काढलं आणि महिनाअखेर किती लांब आहे ते बघितलं. फार लांब नव्हती.

"भाऊ, तुमचं ग्रुपचं कार्ड अजून चालू आहे," मी म्हटलं. "त्याला वेटिंग पीरियड नाही. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. जे करायचं ते या महिन्यात करा. माझ्याकडची पॉलिसी नंतर बघू."

"या म्हयन्यात? माझा निरोपसमारंभ हाय. पावणे येत्यात."

"पाहुण्यांना नंतर बोलवा."

सुमनताई तोवर ऐकत होत्या. त्या उठल्या, कपबश्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "मला कापून घ्यायचं न्हाई. तुमी दोघांनी काय ठरवायचं ते ठरवा." आणि आत गेल्या.

मी गाडीवर परत निघाले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. भोसरीच्या सिग्नलला हिरवा लागला तरी मी उभीच, मागून हॉर्न वाजायला लागले. एक गोष्ट मला टोचत होती. समजा, त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ॲडमिट झाल्या आणि हॉस्पिटलमध्ये असतानाच शांतारामभाऊ रिटायर झाले, तर? काही ग्रुप पॉलिसींमध्ये ॲडमिट झाल्याची तारीख धरतात. काहींमध्ये कामगाराचं नाव निघालं की संरक्षण तिथल्या तिथे थांबतं. बायकोची छाती उघडलेली आणि कार्ड बंद, असं व्हायला नको होतं. हे लेखी पाहिजे होतं, आणि लेखी देणारा माणूस चाकणला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीत गेलो. चाकणच्या चौकात कंटेनर अडकलेले, आमची रिक्षा हलेना. शांतारामभाऊ युनिफॉर्ममध्ये माझ्या शेजारी बसून गुडघा हलवत होते. फर्स्ट शिफ्टमधून अर्धी रजा काढून ते मला आणायला फाट्यावर आले होते.

"सुमनताई रात्री बोलल्या का काही?" मी विचारलं.

"न्हाई. कूस वळवून झोपली. मी नाकाशी हात धरून बघत हुतो, श्वास चालूय का." मग म्हणाले, "एवढी मानसं हाताखाली. कुनाची मशीन वेगळा आवाज करती ते मला लांबून कळतं. घरातलं न्हाई कळलं."

एचआर मॅनेजर देशमुख तरुण होते, घाईत होते. त्यांनी मला बसा म्हटलं आणि लगेच मुद्द्यावर आले.

"मॅडम, ग्रुप पॉलिसी आमच्या ब्रोकरमार्फत आहे. तुम्ही बाहेरच्या. तुमचा यात रोल काय?"

"काही नाही. मला यात काही मिळतही नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर मेलवर हवंय. पेशंट यांच्या शेवटच्या दिवसाच्या आधी ॲडमिट झाली आणि डिस्चार्ज नंतर मिळाला, तर पूर्ण बिल ग्रुपमध्ये बसेल का?"

"बसायला हवं."

"हवं नको. मेलवर लिहा."

देशमुखांनी शांतारामभाऊंकडे पाहिलं. "बोऱ्हाडे, खरं सांगू का? रिन्यूअल तोंडावर आलंय. क्लेम वाढले की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच प्रीमियम वाढतो. वर मला विचारतात. हे ऑपरेशन लगेच करायची गरज आहे, की कार्ड संपतंय म्हणून करताय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कार्ड संपायच्या आत दात, डोळे, गुडघे उरकून घेणारे लोक मीही पाहिलेत. पण शांतारामभाऊंचा चेहरा बदलला. मला वाटलं आता हे आवाज चढवणार. ते खालच्या आवाजातच बोलले.

"साहेब, आजून मोठ्या डॉक्टरला दाखवलं न्हाई. आज संध्याकाळी न्हेतोय. त्यांनी थांबा म्हनलं तर थांबंन. लगेच करा म्हनलं तर तुमच्याकडं परत येनार न्हाई, तवा येळ नसंल. म्हनून आत्ता इचारतोय."

देशमुखांनी पेन टेबलावर ठेवलं. "ठीक आहे. मी ब्रोकरला मेल टाकतो. त्यांचं उत्तर आलं की तुम्हाला फॉरवर्ड."

"आज?" मी विचारलं.

"आज टाकतो. उत्तर कधी येईल माझ्या हातात नाही."

संध्याकाळी चिंचवडच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे मीही गेले. जायची गरज नव्हती, पण ऑफिसात बसून फोनकडे बघत राहण्यापेक्षा ते बरं. वर्षा हिंजवडीहून थेट आली होती. डॉक्टरांनी नवीन इको केला, सुमनताईंना कॉरिडॉरमध्ये थोडं चालवलं आणि परत आत बोलावलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. झडप खूपच अरुंद झालीय, अंधारी येते म्हणजे थांबायची वेळ गेली, झडप बदलावी लागेल. किती दिवसांत, असं वर्षानं विचारलं. ते म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या महिन्याची वाट बघितली नसती."

बाहेर बाकावर सुमनताई पुन्हा तेच म्हणाल्या. ऑपरेशन नको. वर्षा रडकुंडीला आली. "आई, तुला एवढी कसली भीती वाटते? हल्ली सगळे करतात."

"मरायची न्हाई वाटत."

"मग?"

सुमनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. मग मुलीला नाही, नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या आईचं मी केलं. अंथरुनातलं सगळं. म्हातारीला किती लाज वाटायची ते मला म्हाईत हाय. तुमी तवा शिफ्टला असायचा. आता कुठं तुमी मोकळं व्हताय. वावरात रोपवाटिका घालायची म्हनताय. आन् मी अंथरुन धरलं तर?"

कॉरिडॉरमधून स्ट्रेचर गेलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी पाय मागे घेतले. ते गेल्यावर शांतारामभाऊ म्हणाले, "आईचं तू केलंस. तुझं मी करीन. त्यात काय एवढं?"

"तुमाला भात लावता येत न्हाई."

"शिकंन."

त्या हसल्या नाहीत. पण उठल्या आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ. म्हशीची धार राहिलीय." वर्षानं माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. शांतारामभाऊ हळूच म्हणाले, "व्हय म्हनली ती."

आता सगळं कागदांवर येऊन थांबलं. देशमुखांचं उत्तर आलं नव्हतं. मी सकाळी फोन केला, दुपारी केला. ब्रोकरकडून यायचंय, एवढंच. शांतारामभाऊ ब्रेकमध्ये फोन करायचे. "आलं का?" "नाही." मग मागे प्रेसचा धाड धाड आवाज, आणि फोन बंद. माझी दुसरी कामं पडून होती. एका ग्राहकाला मी चुकून त्याच्या भावाच्या पॉलिसीची आठवण करून दिली.

मेल आला तेव्हा मी पिंपरी कॅम्पात कापड बघत होते. तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून वाचला. नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ॲडमिट झालेल्या पेशंटचा पूर्ण मुक्काम पॉलिसीत धरला जाईल. साधं एक वाक्य. मी ते दोनदा वाचलं आणि शांतारामभाऊंना पाठवलं.

हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर नवी अडचण. वर्षाला आईसाठी डिलक्स खोली हवी होती. "वरचा फरक मी भरते," ती म्हणाली. मी तिला बाजूला घेतलं. ग्रुप पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. त्याहून महाग खोली घेतली तर फक्त खोलीचाच फरक भरावा लागत नाही. खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्याचे दर वाढतात आणि विमा कंपनी त्या सगळ्यातच प्रमाणात कपात करते. खोलीपायी अख्ख्या बिलाला कात्री लागते. तिनं दोन पेशंटची खोली घेतली. तिला पटलं, पण आवडलं नाही.

मग काउंटरवरच्या माणसानं परवानगीच्या अर्जात लिहिलं, त्रास नुकताच सुरू झाला. सवयीनं लिहिलं असावं. मी म्हटलं, "इको दिवाळीआधीचा आहे. तसंच लिहा."

"मॅडम, जुना आजार लिहिला की टीपीए क्वेरी काढतं." टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं बिलं तपासून मंजुरी देणारी संस्था.

"काढू दे. ग्रुपमध्ये जुना आजार चालतो. खोटी तारीख चालत नाही."

क्वेरी आलीच. जुना इको मागितला. तो सुमनताईंनी गव्हाच्या डब्यामागे ठेवला होता, तो जाऊबाई रिक्षानं घेऊन आल्या. कागद पाठवले आणि परत वाट बघणं. सुमनताई पलंगावर बसून शेजारच्या पेशंटच्या नातवाची चौकशी करत होत्या. त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त आजारी दिसत होतो. शांतारामभाऊ लिफ्ट ते खिडकी, खिडकी ते लिफ्ट फेऱ्या मारत होते. नर्सनं त्यांना खाली जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. ते गेले, आणि चहा न पिताच परत आले.

दिवेलागणीच्या सुमारास मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले, तेव्हा शांतारामभाऊंनी त्यांना हात जोडले आणि भिंतीला टेकून खाली बसले. वर्षा घाबरली. ते म्हणाले, "काय न्हाई. पाय दुखत्यात."

त्यांचा शेवटचा दिवस आला तेव्हा सुमनताई आयसीयूतून खोलीत आलेल्या होत्या. हॉलमधला समारंभ रद्द झाला होता. प्रेस शॉपची माणसं शिफ्ट सुटल्यावर हॉस्पिटलमध्ये आली. वर एवढ्या जणांना सोडत नव्हते, म्हणून पार्किंगमध्येच शाल-नारळ झालं. एकजण म्हणाला, "दोन शब्द बोला की, भाऊ." शांतारामभाऊंनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी गेल्यावर बायकूला इचारा, बरी हायेस का. आन् तिनं व्हय म्हनलं तरी परत इचारा." मग म्हणाले, वर जायला पाहिजे, औषधाची वेळ झालीय.

विम्याचं काय झालं ते सांगते. बिल ग्रुप पॉलिसीत बसलं. हातमोजे, सिरिंज अशा ज्या वस्तू बहुतेक पॉलिसी देत नाहीत, तेवढं त्यांना भरावं लागलं. घरगुती पॉलिसीचा अर्ज त्या विमा कंपनीनं स्वीकारला, दोघांचाही, आणि ग्रुपची वर्षं धरली. अर्जात आम्ही शुगर, झडप, ऑपरेशन, सगळं लिहिलं होतं. सुपर टॉप-अप फक्त शांतारामभाऊंना मिळालं. सुमनताईंना नाकारलं. मला ते अपेक्षितच होतं. पुढे एक-दोन वर्षांनी रिपोर्ट चांगले असतील तर दुसरीकडे विचारून बघू, असं मी त्यांना सांगितलंय. मिळेलच असं सांगितलेलं नाही. तोवर त्यांना वरचा मजला नाही. हे बरं नाही, पण आहे ते असं आहे.

लोक मला विचारतात, साठीनंतर कुठली पॉलिसी चांगली? मी म्हणते, साठीच्या आधी घेतलेली. नोकरीत असतानाच, कंपनीचं कार्ड खिशात असतानाच, स्वतःची एक वेगळी घ्या. आणि काही लपवू नका. एवढंच मी पूर्वीही सांगत होते.

आता एक पद्धत बदललीय. गेल्या महिन्यात शांतारामभाऊंनी त्यांच्या शॉपमधला एक मित्र माझ्याकडे पाठवला. त्यानं घरच्यांच्या तब्येतीची माहिती द्यायला सुरुवात केली. "मिसेसला काही नाही, एकदम फिट." मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्यांना घेऊन या. त्या बोलतील तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं."